सोळा जणांची उघडी बस

फोन आला तेव्हा गोकुळराव चांदगुडे शाहिदच्या दुकानात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून कुशाबाईंच्या गुडघ्यांचा विचार करत होते. कुशाबाईंना बसमध्ये खिडकी हवी होती, पण उंच पायरी नको होती. जंगलात फिरवणारी ती बस म्हणजे ट्रकवर बाकं ठोकलेली, चहूकडून उघडी गाडी. तिला मुळात खिडकीच नव्हती आणि पायरी होती ती मांडीएवढी उंच. हे गोकुळरावांनी कुशाबाईंना तीन वेळा समजावलं होतं. तिन्ही वेळा त्या "बरं बरं" म्हणाल्या होत्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा खिडकी मागितली होती. ज्येष्ठ नागरिक संघातल्या एकाला जेवणात कांदा चालत नव्हता, दुसऱ्याला कांद्याशिवाय घास उतरत नव्हता. एक जण विचारत होता की वाघाच्या जंगलात उघड्या गाडीतून नेतात म्हणजे विमा कोण उतरवतं. आणि संघाचे अध्यक्ष अप्पा जाचक रोज सकाळी साडेसातला फोन करून एकच प्रश्न विचारत होते, "गोकुळराव, गाडी मधी किती येळा थांबती?" गाडी मध्ये थांबत नाही, जंगलात कुणाला खाली उतरू देत नाहीत, हे ऐकलं की अप्पा म्हणत, "तरी पण अंदाजे?" मार्चमध्ये उत्तराखंडात जायचं, दौंडहून दिल्लीची गाडी, पुढं रामनगर, आणि मग सोळा जणांची ही उघडी बस, एवढी साधी गोष्ट होती. पण गोकुळरावांनी सुप्याच्या अभयारण्यात एकतीस वर्षं वनरक्षकाची नोकरी केलेली. जंगल म्हटल्यावर सगळ्यांची बोटं त्यांच्याकडे वळली आणि त्यांची चार महिन्यांची झोप गेली. चिंकारा हरणांचा कळप बरा, असं त्यांना हल्ली वाटे. निदान तो काही विचारत नाही.

फोनवर एका मुलीचा आवाज होता. इंदापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलते म्हणाली. संजीवनी चांदगुडे यांच्या घरचेच ना तुम्ही? उद्या अकरा वाजता त्यांची फील्ड टेस्ट आहे. या वेळी डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध घालणार आहेत, तीन-चार तास नीट दिसणार नाही, तेव्हा बरोबर कुणीतरी पाहिजे. मागच्या वेळेला त्या एकट्याच आल्या होत्या. गोकुळरावांच्या डोक्यात फील्ड म्हणजे फक्त माळ. नोकरीत फील्डवर जाणं म्हणजे काठी आणि पाण्याची बाटली घेऊन उन्हात चालणं. आपल्या बायकोला, संजीवनीला फील्डवर कशाला बोलावतायत, असा वेडगळ विचार येऊन गेला आणि मग बाकीची वाक्यं एकेक करून कानात शिरली. मागच्या वेळेला. म्हणजे त्याआधीही वेळा झालेल्या होत्या. ते "बरं" म्हणाले. मुलीनं फोन ठेवूनही दिला. शाहिद तांबोळी, ज्याच्या दुकानात बारामतीतले निम्मे लोक ऑनलाइन फॉर्म भरायला येतात, त्यानं संगणकावरून मान वळवून विचारलं, "कोण हुतं काका?" "घरचंच," गोकुळराव म्हणाले आणि यादीचा कागद घडी करून खिशात घातला. कुशाबाईंचं नाव अर्धंच लिहून राहिलं.

घरी जाताना कालव्याच्या पुलावर त्यांनी स्कूटर उभी केली. काही बघायचं नव्हतं. नुसता राग आलेला होता आणि तो राग घेऊन घरात शिरायचं नव्हतं. दर तीन महिन्यांनी संजीवनी लासुर्ण्याला जायची, थोरल्या बहिणीकडं, रंगूताईकडं. सकाळच्या एसटीनं जायची आणि दिवस कलायच्या आत परत. येताना रंगूताईनं दिलेली शेवग्याची शेंग, कधी लिंबं. लासुर्ण्याच्या पुढं तीच एसटी इंदापूरला जाते. बारामतीत डोळ्यांचे दवाखाने काय कमी होते? पण बारामतीत तिनं पंचवीस वर्षं कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवलेली. कुठल्याही बाकावर बसली असती तरी कुणीतरी "काकू, तुम्ही इथं?" म्हणून विचारलंच असतं. म्हणून इंदापूर. शेंगा रंगूताई स्टँडवर आणून देत असणार. म्हणजे रंगूताईला माहीत होतं. गोकुळरावांना कुणाचा राग येत होता ते त्यांचं त्यांना नक्की सांगता आलं नसतं, पण त्यात रंगूताईचा वाटा मोठा होता. आणि तरीही दवाखान्याच्या कागदावर नातेवाईकाचा नंबर म्हणून संजीवनीनं त्यांचाच नंबर दिलेला होता. रंगूताईचा दिला असता तर हे आयुष्यभर कळलं नसतं. ही गोष्ट मनात कुठं ठेवावी हे त्यांना कळेना.

संजीवनीनं चहा ओतला. गोकुळराव ओट्यापासून चार हातांवर बसून बघत होते. तिनं कपाच्या काठावर आतून बोट धरलं, चहा बोटाला लागला तसं पातेलं वर केलं. हे त्यांनी शंभर वेळा बघितलेलं होतं. बोट घालू नको, असं एकदा म्हणालेही होते. स्वयंपाकघराच्या चौकटीला तिचा उजवा दंड लागायचा, तिथं कायम एक काळानिळा डाग असायचा. ती म्हणायची, ही चौकट नडती. चौकट तीस वर्षं तिथंच होती. तिनं पापड तळणं सोडलं, तेलाचा त्रास होतो म्हणाली. तिन्हीसांजेला स्कूटरवर मागं बसणं सोडलं, कंबर दुखते म्हणाली. मागच्या दिवाळीत पाहुण्यांसमोर वरणाची वाटी तिच्या हातानं लवंडली, तेव्हा गोकुळरावांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "समोरचं दिसत नाही का तुला?" ते वाक्य आता परत ऐकू आलं. बोलण्याची पद्धत म्हणून ते बोलले होते. तसं ते सगळ्यांनाच बोलत, दूधवाल्याला, बँकेतल्या पोरीला, टीव्हीला. ती खाली बसून फडक्यानं वरण पुसत होती, अर्धं पुसलं गेलं आणि उजव्या बाजूचं तसंच राहिलं. तेही त्यांनी बघितलं होतं, आणि पुसायचं कामसुद्धा हिला धड होत नाही, असा विचार करून मान फिरवली होती.

नोकरीत मात्र त्यांच्या डोळ्यांचा लौकिक होता. उन्हानं माळ पाण्यासारखा हलत असे, पुण्याहून आलेले लोक मोठमोठ्या दुर्बिणी लावून काही नाही, काही नाही म्हणत, आणि गोकुळ चांदगुडे नुसत्या डोळ्यांनी अर्ध्या कोसावरच्या हिवराच्या झाडाखालची मादी दाखवत. जनावर शोधायचं नसतं, कान शोधायचा, कान हलतो, असं ते सांगत. आवाज कधी चढत नसे. एखाद्या मास्तरणीला दिसलं नाही तर तिच्या मागं उभं राहून, बाई, ते खुरटं झाड, त्याच्या डावीकडं दगड, दगडाच्या वर, असं दहा-दहा मिनिटं सांगत. एक वर्षी कळपात एक मादी आली. चरताना ती कायम टेकडीकडं उजवं अंग करून चरायची. कळप वळला की तीही वळायची, पण फेर घेऊन. चौथ्या दिवशी गोकुळरावांनी वहीत नोंद केली की मादीचा उजवा डोळा गेलेला आहे. पुढं साहेबांनी दुर्बिणीतून बघितलं, डोळ्यात पांढरं फूल पडलेलं. साहेबांनी पाठ थोपटली. चौथ्या दिवशी! एका हरणीचा डोळा ओळखायला चार दिवस लागले होते. गोकुळरावांनी चहाचा घोट घेतला. ते पुन्हा चिडले, या वेळी चहावर. साखर जास्त झाली म्हणाले. ती म्हणाली, "रोजचीच हाय."

मग म्हणाली, "उद्या ताईकडं जाऊन येते लासुर्ण्याला." गोकुळरावांनी कप खाली ठेवला. "मी पण येतो," ते म्हणाले. तिनं त्यांच्याकडं बघितलं. म्हणजे आधी तोंड थोडं उजवीकडं वळवलं, मग बघितलं. "तुमची यादी राहिल्याली हाय न्हवं," ती म्हणाली. ते म्हणाले, यादी गेली खड्ड्यात.

तिला त्यांनी अभयारण्य एकदाच दाखवलं होतं. लग्नाला पाच वर्षं झाली असतील. ते सहा दिवस सुप्याला राहत, एक दिवस बारामतीला येत, आणि ती प्रत्येक वेळी विचारी, ती हरणं काय करत्यात ओ दिवसभर? शेवटी एकदा घेऊन गेले. तिनं ठेवणीतली गुलाबी साडी नेसलेली, हातभर काचेच्या बांगड्या. पाच मिनिटांत गोकुळराव वैतागले. पाय आपटू नको, पदर सांभाळ, बांगड्या वर सार. तिनं बांगड्या कोपरापर्यंत ओढून हातानं दाबून धरल्या आणि तशीच चालत राहिली. कळप दिसला तो त्यांना. तिला दाखवायला हात वर केला तोवर ती "कुठं?" म्हणाली, जरा मोठ्यानं, आणि माळावर नुसती धूळ राहिली. येताना ते एक शब्द बोलले नाहीत. ती म्हणाली, शेपट्या तेवढ्या दिसल्या. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. आणि तीस वर्षांनी, संघाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात, सगळे अष्टविनायक की गोवा म्हणून भांडत असताना तीच म्हणाली होती की उत्तरेत एक जंगल आहे म्हणे, तिथं बसमधून जनावरं दाखवतात, आपण बसून राहायचं नुसतं. तिनं हे कुठं ऐकलं असं त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. घरबसल्या डोक्याला व्याप लावून दिला म्हणून दोन दिवस फुरंगटून बसले होते.

एसटीत ती खिडकीशी बसली. कंडक्टर आला तेव्हा ती कमरेची पिशवी चाचपत होती. तिच्या आधी गोकुळराव म्हणाले, "दोन इंदापूर." तिचा हात पिशवीतच थांबला. दोन्ही बाजूंनी ऊस होता, मध्येच तोडणी झालेलं मोकळं रान. लासुर्णे आलं, माणसं उतरली, चढली. लांब टपरीपाशी रंगूताई पिशवी घेऊन उभी होती. गोकुळरावांनी तिला बघितलं, तिनं गोकुळरावांना बघितलं, आणि ती टपरीच्या आडोशाला सरकली. बस सुटल्यावर संजीवनी म्हणाली, "कधीपास्नं म्हाईत हाय?"

"काल दुपारपास्नं."

"दोन वर्सं सुखाची गेली की मग तुमची."

यावर त्यांना चिडायचं होतं. वाक्य तयारही झालं होतं, की नवऱ्याला फसवून असं दारोदार. पण त्या वाक्याच्या पुढं त्यांना सासू दिसली. लासुर्ण्याच्या घरात दाराशेजारी पोत्यावर बसलेली, डोळे उघडे. तिचेही असेच गेले होते, कडेकडेनं. लोक तिच्याशी ओरडून बोलत, जणू कान गेलेत. पुढं पुढं बोलेनासेच झाले. तिला काय सांगायचं, तिला काय दिसतंय. जावई म्हणून गोकुळराव जात, पायावर डोकं ठेवत आणि नाव न सांगता पुढं होत. म्हातारी हात हवेत धरून "कोण? कोण हाय?" विचारी. ते तोवर आत पोचलेले असत. संजीवनी तेव्हा चुलीपाशी बसून हे बघत असे. इतक्या वर्षांत ती याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. बोलायची गरज नव्हती, तिनं लक्षात ठेवलं होतं. गोकुळरावांनी तयार केलेलं वाक्य गिळलं आणि विचारलं, दुखतं का. ती म्हणाली, दुखत नाही, तेच तर वाईट.

दवाखान्यात फील्ड टेस्टसाठी, म्हणजे नजर कडेकडेला कुठवर पोचते ते मोजायला, तिला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. एका गोल भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, आत बारीक ठिपके चमकतात, ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. दार अर्धवट लोटलेलं होतं. बाहेरच्या बाकावर गोकुळरावांना बटणाचा आवाज ऐकू येत होता. टक. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. त्या मधल्या शांततेत ठिपके चमकत होते हे त्यांना कळत होतं. उठून आत जावं आणि तिच्या कानात सांगावं, वर, डावीकडं, आता खाली, असं त्यांना इतक्या जोरात वाटलं की ते खरंच उठून उभे राहिले, आणि नर्सनं हातानंच बसा म्हणून खुणावलं. नंतर डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. दोन गोल, आत काळं. उजवा गोल जवळपास सगळा भरलेला, डाव्यात मधोमध एक उजेडाचा तुकडा. काचबिंदू आहे, गेलं ते परत येत नाही, औषध नेमानं घातलं तर राहिलंय ते टिकवता येतं, किती दिवस ते सांगता येत नाही. बाई शांतपणे सांगत होत्या. गोकुळरावांना त्यांचाही राग आला, मग राग येण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही हे लक्षात आलं. संजीवनीनं एकच विचारलं, मार्चात जंगलात जायचं आहे, चालेल का? बाई म्हणाल्या, जरूर जा, धुळीचा चष्मा लावा, ड्रॉप विसरू नका. मग म्हणाल्या, पुढच्या वर्षावर टाकू नका.

इंदापूरच्या स्टँडवर ती बाकावर काळा चष्मा लावून बसली. औषधानं तिला समोर सगळा चुना फासल्यासारखं दिसत होतं. गोकुळरावांनी सांगून टाकलं की सहल रद्द. संघाला काय सांगायचं ते मी बघतो. त्या उंच पायरीवरून पडलीबिडलीस तर, आणि दिल्लीच्या स्टेशनावर चुकलीस तर. ते बोलत राहिले, आवाज चढत गेला, शेजारच्या दोन बायका वळून बघू लागल्या. ती ऐकत राहिली. ते थांबल्यावर म्हणाली, "एकतीस वर्सं लोकास्नी दाखवलं तुमी. पुण्याच्या बायकांस्नी दाखवलं. मला दाखवताना तेवढी घाई झाली तुमाला." आणि पुढं, अगदी हळू, "मला वाघ नको. रानकोंबडी दाखवली तरी चालंल. पर मला दिसंस्तवर सांगायचं. चिडायचं न्हाय."

तेवढ्यात खिशात फोन वाजला. अप्पा जाचक, आज दुसऱ्यांदा. गोकुळरावांनी उचलला आणि अप्पांनी "गाडी मधी" एवढं म्हणताच त्यांचा तोल गेला. ते म्हणाले, अप्पा, माझ्या बायकोला दिसायचं बंद व्हायला लागलंय, मी दवाखान्यातून येतोय, आणि तुम्ही रोज उठून गाडी किती वेळा थांबते, गाडी किती वेळा थांबते. अप्पांनी फोन ठेवला असं वाटलं. मग अप्पा म्हणाले, "गोकुळराव, मला पिशवी लावल्याली हाय. लघवीची. दोन-अडीच तासानं रिकामी करावी लागती. कुणाला सांगायचं वो ह्ये? सूनबाईशिवाय कुणाला म्हाईत न्हाय." गोकुळराव स्टँडच्या गर्दीतून भिंतीकडेला सरकले. मग म्हणाले, की आत एक विश्रामगृह आहे म्हणे, तिथं तरी थांबवतात का, मी फोन करून नीट विचारतो. "कुणाला बोलू नका," अप्पा म्हणाले. "वहिनींची काळजी घ्या." त्या दिवशी परतताना गोकुळरावांनी यादी काढली आणि एकेक नाव बघत राहिले. कुशाबाईंचे गुडघे. विमा विचारणारा. कांदा न चालणारा. यातल्या कुणाचं काय झाकलेलं आहे याची त्यांना आता भीती वाटू लागली.

सहल रद्द करायची भाषा गोकुळरावांनी पुन्हा काढली नाही. चार दिवसांनी सकाळी दहाला जंगलातल्या बसचं बुकिंग उघडणार होतं. पावणेदहालाच दोघं शाहिदच्या दुकानात जाऊन बसले. एकदा नावं पाठवली की बदलता येत नाहीत, म्हणून शाहिदनं आदल्या दिवशीच सोळाही जणांची माहिती भरून ठेवली होती, आता फक्त तपासून बटण दाबायचं. सकाळच्या बसच्या सोळाही जागा मोकळ्या दिसत होत्या. दहा वाजले. शाहिदनं माउसवर हात ठेवला आणि संजीवनी म्हणाली, "थांब रे बाबा. मला वाचू दे."

गोकुळराव म्हणाले, मी तपासलंय. ती म्हणाली, मला वाचायचंय. शाहिदनं पडदा तिच्याकडं वळवला. तिनं मान तिरकी करून डावा डोळा जवळ नेला, आणि बोट पडद्यावर ठेवून एकेक ओळ वाचू लागली. नाव, वय, आधारचा नंबर. चारचार आकडे, पुन्हा चारचार. तिसऱ्या नावाला ओळ सुटली, तिनं बोट मागं नेलं. वाचून दाखवतो, असं म्हणायला गोकुळरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. "काका," शाहिद हळूच म्हणाला, "जागा चालल्यात. पंधरा ऱ्हायल्या." सोळा जण सकाळच्या बसमध्ये आता बसणारच नव्हते. चार महिने. अप्पांना काय सांगायचं. "वाचू दे तिला," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही, माळावर कुणाच्या तरी मागं उभं राहून बोलायचा तसा होता.

ती वाचत होती. नवव्या नावावर असताना सकाळची बस भरली. शाहिदनं दुपारच्या बसवर टिचकी मारून पुन्हा पडदा तिच्यापुढं केला. दहावं. अकरावं. बाराव्या ओळीवर, स्वतःच्या नावावर, तिचं बोट थांबलं. ती पडद्याला जवळजवळ नाक लावून बघत राहिली.

"माझं वय अठ्ठावन्न कुणी लिवलं?"

शाहिदनं गोकुळरावांकडं बघितलं. बाकी सगळ्यांचं आधार कार्ड समोर ठेवून लिहिलेलं होतं. हिचं त्यांनी तोंडी सांगितलं होतं, कार्ड बघायची गरज वाटली नव्हती.

"एकसष्ट हाय मी," ती म्हणाली. "मागच्या म्हैन्यात लागलं. तिथल्या गेटवर कार्ड बघितलं असतं तर मला भाईरच ठिवलं असतं का न्हाय?" तिनं पिशवीतून कार्ड काढलं आणि टेबलावर आपटलं. "लगीन झाल्यापास्नं दोन-तीन वर्सांनी मी लहानच हाय ह्यांच्या हिशेबात. कधी इचारलं तर न्हाईच. तुमाला दिसतंय न्हवं चांगलं? मग बघून लिवायला काय झालं हुतं?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती ऐकत होती. गोकुळरावांनी कार्ड उचलून शाहिदपुढं ठेवलं. तिचं म्हणणं चूक नव्हतं, आणि ती इतकी मोकळेपणानं, चार माणसांत, त्यांच्यावर चिडलेली त्यांनी फार दिवसांत ऐकली नव्हती. शाहिदनं अठ्ठावन्न खोडून एकसष्ट केलं. राहिलेली चार नावं तिनं तशीच सावकाश वाचली. मग खुर्चीला पाठ टेकून म्हणाली, "हं. दाब आता."

शाहिदनं दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग सोळा नावांचा परवाना आला, दुपारच्या बसचा.